कोळशाच्या मोटरीचे सहा प्लग

इब्राहीम मिस्त्रींबद्दल लिहावं असं मनात येऊन पुष्कळ वर्षं झाली. मला लिहायची सवय नाही. दोनदा सुरुवात केली आणि दोन्हीदा कागद चुलीत घातला. पण हल्ली ऊर्जानगरात मुलाच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून वीज कंपनीच्या बसगाड्या जाताना पाहतो, तेव्हा वाटतं, या ड्रायव्हरांपैकी एकालाही ठाऊक नसेल की मोटर कधी काळी लाकडी कोळशावर चालत होती. ते ठाऊक नसेल तर इब्राहीम मिस्त्री कोण होते, हे तरी कोणाला ठाऊक असणार? म्हणून तिसऱ्यांदा बसलो आहे.

साल एकोणीसशे एक्कावन्न. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. बनवारीसेठची एकच मोटर होती. ती चांद्याहून चिचपल्ली, केळझर, मूल, सावली करत व्याहाडच्या घाटापर्यंत जायची. पुढे वैनगंगा. पूल नव्हता, गडचिरोलीला जाणारे डोंग्यात बसत. मी त्या मोटरीचा ड्रायव्हर. मी ढिवराचा, तळ्यात जाळं टाकणाऱ्यांच्या घरातला. पाण्यावरून थेट मोटरीवर आलो म्हणून लोक हसत.

मोटरीच्या पाठीमागे, लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हापासून, माणसापेक्षा उंच असा लोखंडी पिंप बसवलेला होता. त्यात वरून कोळसा ओतायचा, खालून पेटवायचा, आणि हातानं पंखा फिरवत बसायचं. आधी पांढरा धूर यायचा. मग धूर पातळ होत होत दिसेनासा व्हायचा. नळीच्या तोंडाशी काडी धरली की निळी ज्योत उभी राहायची. तो गॅस. त्याच्यावर मोटर चालायची. सुरुवातीला पेलाभर पेट्रोल पाजायचं, इंजिन जागं झालं की गॅसची चावी उघडायची. सकाळच्या धुक्यात ती निळी ज्योत पाहताना मला कितीदा वाटे, की आपण अजून झोपेतच आहोत.

हे सगळं इब्राहीम मिस्त्रींच्या हातातलं. उंच, सडपातळ, पन्नाशीचे. दाढी अर्धी पिकलेली. बोलणं हळू. इंजिनाला लाकडाची काठी टेकवून तिचं दुसरं टोक ते दातांत धरायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. ऐकता ऐकता चेहरा असा व्हायचा, जणू दूर कुठे गाणं चाललं आहे आणि आम्हालाच ते ऐकू येत नाही.

पण त्यांचा खरा मान होता तो प्लगच्या पारखीसाठी. इंजिनात सहा प्लग. प्रत्येकानं ठिणगी टाकायची आणि गॅस पेटवायचा. पेट्रोलवर कुठलाही बरा प्लग चालून जातो, कारण पेट्रोल ओलं असतं, त्याला निववतं. गॅस कोरडा आणि गरम. त्याला प्लग निवडूनच लागतो. लांब नाकाचा प्लग उष्णता धरून ठेवतो, तो गरम प्लग. चढावर तो लाल होऊन गॅस वेळेआधीच पेटवतो. आखूड नाकाचा लवकर निवतो, तो थंड प्लग. त्याच्यावर काजळी आणि डांबर बसतं आणि ठिणगी मरते. दोन्हींच्या मधला नेमका कोणता, हे पुस्तकात नव्हतं. कोळसा धावड्याचा आहे की तेंदूचा, ओला की सुका, त्यावर ते बदलायचं.

मिस्त्रींकडे एका डब्यात लष्कराच्या लिलावातले पन्नासेक प्लग होते, नाना जातींचे. प्रत्येक प्लग रंगीत चिंधीत बांधलेला, आणि चिंधीला गाठी. कोणाला एक, कोणाला दोन, कोणाला तीन. मला वाटायचं, दर्ग्यातल्या मन्नतीच्या गाठी असतील. ठिणगीची फट मोजायला ते पोस्टकार्डाचा तुकडा वापरत. पोस्टकार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. "पेट्रोलले दुमडलेलं कार्ड, गॅसले साधं," एवढंच मला त्यांनी शिकवलं.

मोटर परतली की ते सहाही प्लग काढून रुमालात बांधून घरी न्यायचे. प्लगच्या नाकावरच्या चिनी मातीचा रंग पाहून कळतं, की आत काय चाललं आहे. पांढरट पडला तर प्लग फार गरम आहे, थंड लावा. काळा पडला तर फार थंड आहे, गरम लावा. मधला, कातासारखा तांबूस तपकिरी, तो बरोबर. दुसऱ्या दिवशी ते यायचे, डब्यातून दोनतीन प्लग बदलायचे, आणि मोटर केळझरचा चढ गाणं म्हणत चढायची. सेठ पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या मिस्त्रीची नजर म्हणजे सोनाराची नजर."

आणि नेमकी तीच जात चालली होती.

मला ते कळलं ते एका कोटामुळे. गॅरेजच्या खुंटीवर मी माझा खाकी कोट अडकवला होता. मिस्त्री आत आले आणि कोटाला म्हणाले, "सलाम, कोतवालसाहेब." मी हसलो. वाटलं, थट्टा करून राह्यले. मग ते थांबले, उत्तराची वाट पाहत. कोट काही बोलेना. तेव्हा ते घाईघाईनं डब्याकडे वळले. मी हसणं गिळलं. पुढे लक्षात आलं, की ते माणसं ओळखत ती पावलांच्या आवाजावरून, खोकण्यावरून. न खोकणाऱ्याशी ते बोलतच नसत.

त्यानंतर आठवड्याभरानं सेठचा निरोप घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको, सुलतानाभाभी, रंगरेजाची मुलगी. अंगणात रंगाचे हौद होते, दोरीवर पागोटी आणि ओढण्या वाळत होत्या. दुपारच्या उन्हात त्या कपड्यांच्या आत शिरलं की उजेडच निळा व्हायचा, मग हळदी, मग डाळिंबी. त्या ओल्या रंगांच्या मधे भाभी उभी होती. कोपरापर्यंत हात निळे. त्या निळ्या बोटांत आमच्या मोटरीचा प्लग. तिनं तो आभाळाकडे धरला होता आणि मिस्त्री खाली बाजेवर मान झुकवून ऐकत होते.

"पहिला कत्थई," ती म्हणत होती, म्हणजे कातासारखा. "दुसरा कत्थई. तिसरा जरासा बादामी. चवथा सुरमई हो अजी, याचं काही खरं नाई."

"सुरमई म्हणजे किती काळा?"

"तुमच्या दाढीत जितका उरला तितका."

मिस्त्री हसले. मी दोरीमागेच थांबलो. मला पाहून भाभीनं पदर ओढला आणि प्लग पाठीमागे लपवला. मी निरोप सांगितला आणि निघालो. फाटकाशी मिस्त्री मागून आले.

"उमाजीभाऊ."

"जी."

"डोळ्यात दूध उतरून राह्यलं. दोन वर्षं झाली. नागपूरचा डॉक्टर म्हणते, मोतीबिंदू अजून पिकला नाई, पिकल्यावर काढू." मग थोड्या वेळानं, "सेठले समजलं, तर आंधळा मिस्त्री कोण ठेवते?"

"मी कशाले सांगतो?" मी म्हणालो. मी तसाही कमीच बोलतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा कोणाला उपयोग झाला.

मग डब्यातल्या गाठींचा अर्थही कळला. एक गाठ थंड प्लग, दोन गाठी मधला, तीन गाठी गरम. भाभीनं त्या बांधल्या होत्या, बोटांना वाचता याव्यात म्हणून.

पौष लागला. पेट्रोल आता बाजारात सहज मिळू लागलं होतं आणि सेठचा नागपूरचा मेहुणा त्याच्या कानाशी लागला होता, की हे लोखंडी भूत काढून भंगारात टाक. सेठ दोन मनांचा माणूस. एके दिवशी तो गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, "मिस्त्री, बुधवारी मूलचा बाजार. पुरी सवारी भरू. पेलाभर पेट्रोलवर चालू करा, मग थेंब नाही. टाकीला कुलूप लावतो, चावी माझ्या खिशात. केळझर चढली तर तुमचा गॅस राहिला. नाही चढली तर रविवारी पिंप उतरवू." तो जरा घुटमळला. "मग तुमचंही काम राहात नाही. पेट्रोलच्या मोटरीले उमाजी पुरे आहे."

मला जमिनीत जावंसं वाटलं. मिस्त्री म्हणाले, "चढंल, सेठ."

मंगळवारी दाट धुकं होतं. आवारातला कोळसा धुक्यानं ओलसर झाला होता. आम्ही मोटर चिचपल्लीपर्यंत नेऊन आणली. प्लग काढले तर ते दंवात भिजल्यासारखे पाणावलेले. मिस्त्रींनी तसेच रुमालात बांधले आणि घरी गेले. बुधवारी सकाळी आले तेव्हा चेहरा निश्चिंत होता. "बादामीच्या पुढं गेले, पांढऱ्याकडं," ते माझ्या कानात म्हणाले. "दोन गाठींचे फार गरम चालून राह्यले. सहाही थंड लावतो." आणि त्यांनी डब्यातून एकेका गाठीचे सहा प्लग चाचपून काढले.

मला कुठेतरी खटकलं. मी त्या प्लगांकडे फार बारकाईनं पाहिलं नव्हतं, पण मला ते इतके फिके वाटले नव्हते. मी बोललो नाही. माझी नजर आणि भाभीची नजर यांत कोण तोलणार, असं मनाला सांगितलं. आजही त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते.

मोटर गच्च भरली. सेठ माझ्या शेजारी, टाकीची चावी खिशात. मिस्त्री नेहमीसारखे बाहेर, बाजूच्या फळीवर. मागच्या बाकावर बाया, टोपल्या, कोंबड्या. सुलतानाभाभीही होती. रंगवलेल्या ओढण्यांचं गाठोडं घेऊन ती मूलच्या बाजाराला निघाली होती, बुरख्यात. तिच्या शेजारी चंदाबाई ढिवरीण, सुकटीची टोपली मांडीवर घेऊन. माझ्या नात्यातलीच. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

चिचपल्लीपर्यंत मोटर छान चालली. धुक्यात साग उभे होते, पानं हत्तीच्या कानाएवढी, आणि त्यांच्यावरून दंव टपकत होतं. रस्ता दहा हात पुढे दिसायचा, मग पांढऱ्यात विरायचा. वाटायचं, आपण चालवत नाही, कोणीतरी आपल्याला ओढून नेतं आहे. मग केळझरचा चढ लागला आणि इंजिन अडखळलं. एक ठोका गाळला. मग दोन. मी गियर उतरवला. मोटर खोकली, हुंदका दिल्यासारखी हलली आणि चढाच्या ऐन मध्यावर थांबली. मी हँडब्रेक ओढला. कोणीतरी उतरून चाकामागे दगड लावले.

"सेठ," मागून चंदाबाई ओरडली, "तुह्या मोटरीपरीस आमच्या डोमाचा रेडा बरा. तो बसते, पण उठते तरी."

लोक हसले. सेठ हसला नाही.

मिस्त्री खाली उतरले. बॉनेट उघडलं. चटके सोसत प्लग काढले. एकेक प्लग ते उन्हाकडे धरून फिरवून पाहत होते. ऊन नव्हतंच, धुकं होतं. पण ते पाहत होते, कारण सेठ पाहत होता.

"काय दिसते, मिस्त्री?"

"काळे पडले."

"हे तर मलेही दिसते. डांबर गळून राह्यलं. आता कोणता लावता?"

मिस्त्रींनी डबा उघडला. त्यांची बोटं गाठींवरून फिरली, थांबली, परत फिरली. तीन गाठी की दोन? काल खरोखर काय रंग होता, हे कळल्याशिवाय ते ठरत नव्हतं. तीन गाठींचे लावावेत आणि ते चढावर लाल झाले तर मोटर पुन्हा बसणार, आणि मग कायमचीच. कपाळावर घाम आला होता, पौषाच्या थंडीत. मी शेजारीच उभा होतो. त्यांचा हात डब्यात तसाच राहिला.

तेव्हा मोटरीच्या पायरीवरून बुरखा खाली उतरला. सगळे बाजूला झाले. भाभी थेट बॉनेटपाशी आली, तोंडावरचा पडदा मागे टाकला आणि मिस्त्रींच्या हातातून प्लग घेतला.

"अजी, काल मी काय सांगितलं?"

"सुलताना, तू बस जाऊन."

"काय सांगितलं, ते बोला."

"बादामीच्या पुढं," मिस्त्री अगदी हळू म्हणाले. "पांढऱ्याकडं."

भाभीनं प्लगच्या नाकावरून बोट फिरवलं. मग ओलं डांबर लागलेल्या निळ्या बोटाकडे पाहत राहिली. "अल्ला," ती म्हणाली. "कालचे ते प्लग ओले होते ना. माझ्या ध्यानातच नाई आलं. ओलं कापड हाती आलं की आम्ही त्याचा दिसते तो रंग बोलत नाई, सुकल्यावर होईल तो बोलतो. दोन छटा हलका. अब्बाचा मार खाऊ खाऊ शिकली. दिसत होते चांगले कत्थई, आणि मी बादामीच्या पुढचे बोलून गेली." ती मिस्त्रींकडे वळली. "चिनी माती काय सुकून हलकी होते, हो? कत्थईच होते. कालचेच बरोबर होते."

"म्हणजे दोन गाठी," मिस्त्री म्हणाले.

"दोन गाठी."

मिस्त्रींचा हात डब्यात फिरला आणि यावेळी थांबला नाही. दोन गाठींचे सहा प्लग निघाले. पोस्टकार्ड सरकवून त्यांनी फटी पाहिल्या, प्लग बसवले. मी पिंपाचा पंखा फिरवायला घेतला. सेठ मधेच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उतरत होती, दोरीवरून कपडा काढावा तशी.

"मिस्त्री," तो म्हणाला, "इकडे पाहा. हे किती बोटं?"

मिस्त्री सरळ उभे राहिले. फडक्याला हात पुसले. "नाई दिसत, सेठ. तुम्ही पिवळं पागोटं बांधलं, येवढं दिसते. तेही अंदाजानं."

पागोटं पांढरं होतं.

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं."

"आणि दोन वर्षं माझी मोटर कोण पाहते?"

भाभीनं तोंडावर पडदा ओढून घेतला. उत्तर चंदाबाईनं दिलं, खिडकीतून डोकं काढून. "पाहते कोण म्हंजे? घरवाली पाहते. काऊन, तुह्या दुकानाचं सेठाणी नाई पाहत का? माह्या बुढ्याले तर दारूच्या भट्टीतून घरचा रस्ता मीच दावते. बोटं मोजून राह्यला! चढव ना मोटर, माही सुकट मूलले पोचली पाहिजे."

निळी ज्योत उभी राहिली. सेठनं खिशातून चावी काढली, हातातल्या हातात फिरवली आणि परत खिशात टाकली. सकाळी ठरला तसा एकच पेला दिला होता, तो संपला होता. गॅसवरच चालू करावं लागणार होतं. मी इंजिन फिरवायचा दांडा पुढून घातला आणि मारला. एकदा, दोनदा, चारदा. मिस्त्री म्हणाले, "थांब, उमाजीभाऊ. त्याले श्वास भरू दे." आम्ही सगळे थांबलो. जंगलात कुठेतरी तांबट पक्षी ठोके देत होता. "आता," ते म्हणाले, आणि पाचव्या वेळेला इंजिन लागलं.

दगड काढले. मी क्लच सोडला. मोटर चढू लागली. पहिल्या गियरमध्ये, माणूस चालेल त्याच्याही हळू. पण ठोका एकही गळला नाही. धुकं दोन्ही बाजूंनी खाली सरकत होतं आणि आम्ही त्याच्यातून वर येत होतो, तळ्याच्या तळातून वर यावं तसे. माथ्यावर ऊन होतं. मागचे लोक ओरडले. कोणाची तरी कोंबडी सुटली.

माथ्यावर सेठनं मोटर थांबवायला सांगितली. मला वाटलं, आता बोलणार. तो खाली उतरला आणि बाजूच्या फळीवर उभ्या असलेल्या मिस्त्रींना म्हणाला, "तुम्ही पुढे बसा. मी मागे बसतो." मिस्त्री जागचे हलेनात तेव्हा तो चिडून म्हणाला, "मोटर चढली ना? मग पिंप राहिला. जबान दिली होती. उद्यापासून भाभींना गॅरेजात आणत जा, दिवसाउजेडी. हे घरी न्यायचं आणि ओल्यासुक्याचं मले नको. आणि डोळा पिकला की सांगा, नागपूरले जाऊ." मग चंदाबाईला, "सरक, बाई."

"सुकटीवर बसू नको म्हंजे झालं," चंदाबाई म्हणाली.

मिस्त्री माझ्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत ते पुढच्या गादीवर कधी बसले नव्हते. त्यांची जागा नेहमी बाहेर, इंजिनाच्या आवाजाजवळ. उतारावर मोटर आपल्या आपण धावू लागली. ते हात मांडीवर ठेवून बसले होते, डोळे उघडे, समोर.

"उमाजीभाऊ," ते म्हणाले, "काय दिसते, सांग."

दोन वर्षांत त्यांनी घराबाहेर कोणालाही हे विचारलं नव्हतं. विचारताच आलं नव्हतं. मला बोलता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

मी म्हणालो, "जंगल सरून राह्यलं. धानाच्या बांध्या लागल्या. धान कापलं, आता लाखोळी उभी आहे."

"फुलावर?"

"फुलावर. निळी."

"आणखी?"

"बांधीच्या पलीकडे तळं. पाण्यावर धूर. दोन डोंगे. एक माणूस उभा राहून जाळं टाकून राह्यला."

"फेकलं?"

"फेकलं. उघडलं पुरं. गोल."

त्यांनी मान हलवली, जणू पाण्यावर पडलेल्या जाळ्याचा आवाज त्यांच्यापर्यंत आला होता. मी सांगत राहिलो. बगळे, तुरीची पिवळी फुलं, चिंचेखाली थांबलेली बैलगाडी, लाल लुगड्यातली बाई, तिच्या डोक्यावरचं गवत. इतकं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो, आणि नंतरही नाही. मूल आलं तेव्हा बाजाराची गर्दी दोन्ही बाजूंनी मोटरीला लागली, आणि मी शेजारी पाहिलं तर मिस्त्री झोपले होते. मी हॉर्न न वाजवता मोटर गर्दीतून हळूहळू पुढे नेली.